चार नंबरच्या टेबलावर कोण होतं?

अहो वहिनी, ऐकलंत का? जरा इकडे सरका, भिंतीपाशी. मोठ्यानं बोलायची सोय नाही, वरच्या गॅलरीत कपडे वाळत घालायला जेवढा वेळ लागतो त्याच्या तिप्पट वेळ वरच्या बाई उभ्या असतात. तर आपल्या कोपऱ्यावरचा बार उघडला! तोच हो, औसा रोडकडे वळताना लागतो तो. हिरव्या ट्यूबलाईटचा 'परमिट रूम' बोर्ड गेला. आता काळ्यावर पिवळी अक्षरं, 'किचन अँड क्राफ्ट बियर'. आणि मी परवा आत जाऊन आले.

अशा बघू नका हो. फॅमिलीसोबत गेले होते. पुण्याहून भाचा आलाय ना, हिंजवडीवाला, तो म्हणाला, मामी, घरी काय करत बसतेस, चल बाहेर जेवू. हे 'कशाला उगं' म्हणेपर्यंत आत्याबाई इरकल नेसून, चपला घालून, दारात. मी म्हणाले, आत्याबाई, तो बार आहे. तर म्हणाल्या, "बार असू दे की, भाकरी मिळतीय न्हवं?"

तर काय सांगत होते... हं, आतलं. जुनं फॅमिली सेक्शन आठवतंय का तुम्हाला? नसेलच आठवत म्हणा, तुम्ही कशाला जाल. आपलं सगळ्यांनी ऐकलेलं. मागच्या बाजूनं, किचनच्या मोरीवरून आत शिरायचं. प्लायवूडचे खोके, त्याला मरून रंगाचा पडदा, पडद्याच्या कडेला हात पुसून पुसून आलेला काळा तेलकट पट्टा. वेटर बाहेर उभा राहून खाकरायचा, मग पडदा सारायचा. नवरा-बायको जेवायला बसलेत का काही चोरीचा माल वाटून घेतायत, समजायचं नाही. ते सगळं काढलं. आता रस्त्याकडून सरळ काच. आत कोण बसलंय, काय खातंय, रिक्षातून जाणाऱ्याला सुद्धा दिसतं. आणि गंमत बघा, बायका पहिल्या ओळीत ऐटीत बसलेल्या आणि पुरुषमंडळी आपली पाठ काचेकडे करून, खांबाआड. चार नंबरला तर एक जण असा पाठमोरा बसला होता की... असो. ते नंतर सांगते.

या बारचं नशीब तरी काय म्हणावं. किती वेळा मेला आणि किती वेळा उठून बसला! पहिल्यांदा तो हायवेचा निकाल. १५ डिसेंबर २०१६ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, हायवेपासून ५०० मीटरच्या आत दारू विकायची नाही, आणि १ एप्रिल २०१७पासून सगळ्यांची शटरं खाली. आठवतं ना, इथं बाप्ये टेप घेऊन रस्ता मोजत होते? जन्मात कधी घरच्या खिडकीचं माप घेतलं नाही, पण बारचं माप पाठ! केरळात तर एका बारवाल्यानं दारापर्यंत भिंती बांधून भूलभुलैया केला. हवेतून अंतर तेवढंच, पण चालून गेलं की वाढलं. डोकं बघा माणसांचं. मग जुलैमध्ये कोर्टानंच खुलासा केला की नगरपालिका, महापालिकांच्या हद्दीत हा नियम नाही, आणि आपल्याकडची शटरं पुन्हा वर. त्या दिवशी ह्यांच्या ऑफिसात पेढे कुणी वाटले, ते विचारू नका.

मग कोरोना. त्यात सगळंच बंद. ५ ऑक्टोबर २०२०ला हॉटेल, बार उघडायला परवानगी दिली, तीही निम्म्या खुर्च्यांवर. आणि इतकं करून पुढच्या एप्रिलात पुन्हा कुलूप. तिथून जो बंद पडला तो... मालक म्हणे भाडंच भरू शकला नाही. मोठ्या जाऊबाई चंद्रपूरच्या ना, त्या तर सांगतात, त्यांच्याकडे अख्ख्या जिल्ह्यातच सहा वर्षं दारूबंदी. २०२१च्या जुलैत उठली, तर एका बारवाल्यानं पालकमंत्र्यांचा फोटो लावून, निरांजन घेऊन आरती केली! व्हिडिओ बघितलाच असेल तुम्ही. आपल्या मालकानं आरती नाही केली. सत्यनारायण घातला, आणि प्रसादाचा शिरा आपल्या गल्लीत घरोघर पाठवला. खाल्लात ना? तुपातला होता. मास्तरीणबाईंनी दोनदा मागून घेतला म्हणे.

आता मास्तरीणबाईंचं ऐका, मजा पुढंच आहे. रजिस्टर घेऊन घरोघर कोण फिरलं? त्याच ना? 'आपल्या वॉर्डात पुन्हा बार नको, आडवी बाटली करू' म्हणून. २००८चा नियम आहे तो, त्यांना तोंडपाठ. वॉर्डातल्या २५ टक्के बायकांनी सह्या करून अर्ज दिला की सरकार मतदान घेतं. चिठ्ठीवर एक बाटली उभी, एक आडवी. यादीतल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारला की दुकान बंद. मतदानाला आलेल्यांच्या निम्म्या नव्हे हो, यादीतल्या! दुपारी भर उन्हात कोण जातंय? म्हणून तर किती ठिकाणी बायका बोंबलून दमतात आणि बाटली आपली उभीच्या उभी. पण एक सांगते, मास्तरीणबाईंचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. जुन्या बारच्या दारात रात्री अकराला जे चालायचं, ते आपणही गॅलरीतून बघितलंय. नळाच्या मागं राहणाऱ्या धुणीवाल्या बाईचा पगार कुठं जायचा, ते गल्लीला माहीत. सही मी पण केली होती. तुम्ही तर सगळ्यात आधी.

तर मी काचेतून आत पाऊल टाकते न टाकते तोच समोर दोन नंबरच्या टेबलावर कोण? मास्तरीणबाई! नातवाचा वाढदिवस, केक, फुगे, सून, जावई. आणि त्यांच्यासमोर ग्लास. मी म्हणाले, अय्या, तुम्ही? त्यांचा चेहरा असा उतरला, असा उतरला... म्हणाल्या, "ॲपल ज्यूस आहे." बरं, असेल. पण वहिनी, ॲपल ज्यूसला बोटभर फेस असतो का? मग माझा भाचा, त्याला कुठं काय बोलावं ते कळत नाही, तो वाकून म्हणतो, "आजी, सायडर घेतलं? मस्त चॉईस." सुनेनं फुगा फोडला. चुकून फुटला म्हणाली.

बसलो एकदाचे. भाच्यानं कार्ड उघडलं आणि त्याची मास्तरकी सुरू. मामी, क्राफ्ट बियर म्हणजे काय, तर मोठ्या फॅक्टरीतली नव्हे, थोडी थोडी, निगुतीनं केलेली. जव भिजवायचे, मोड आणायचे, भट्टीत वाळवून त्याचं माल्ट करायचं, मग ते गरम पाण्यात कालवून गोड पाणी काढायचं, त्यात हॉप्स नावाच्या वेलीची कडू फुलं उकळायची, गार करून यीस्ट घालायचं आणि गप बसायचं. मी म्हणाले, म्हणजे निम्मं काम तर आम्ही मटकीला रोज करतो. तर म्हणतो, पुण्यात पहिली अशी जागा २००९ला निघाली, 'डूलाली'. त्यात एक मराठी माणूस, तळेकर, त्याचा जोडीदार चतुर्वेदी आणि दारू गाळायला, म्हणजे बियर करायला हो, खास जर्मनीहून आणलेला माणूस. नंतर मुंबईत त्यांच्या शाखा निघाल्या. तिथं म्हणे लोक सापशिडीसारखे पटावरचे खेळ खेळत बसतात, कुत्री घेऊन येतात. कुत्री! आपल्याकडे नवरा बायकोला नेत नाही अजून.

तेवढ्यात मालकाचा मुलगा टेबलापाशी आला. पुण्याहून हॉटेल मॅनेजमेंट करून आलाय, दाढी कोरलेली, एप्रन घातलेला. "मॅम, कसं वाटलं इंटिरियर?" मला मॅम! मी पदर सावरला. आणि आमच्या शहाण्यानं विचारलं, "तुमच्या टाक्या कुठं आहेत?" मुलगा म्हणाला, "कसल्या टाक्या?" "ब्रुइंग टँक. काचेमागं ठेवतात ना, चकाचक." त्या पोराचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. कानापर्यंत लाल. म्हणाला, "सर, आपण इथं बनवत नाही... कॅन येतात पुण्याहून." म्हणजे बघा, बोर्डावर एवढं मोठं क्राफ्ट, आणि येतं कुठून, तर शिवाजीनगरहून सुटणाऱ्या माणसांसारखं, रातोरात गाडीत बसून. पण मला त्याची दया आली हो. स्वतःची मायक्रोब्रुअरी काढायची म्हणजे लायसन्स वेगळं, टाक्या वेगळ्या, आणि पाणी... लातुरात पाणी! तो हळूच म्हणाला, "आंटी, पाण्याचं नाव काढलं तर बाबा घरातून हाकलतील."

का हाकलणार नाहीत? २०१६ विसरलं का कुणी? मांजरा धरण कोरडं ठाक, मार्चात टाक्यांभोवती १४४ कलम, कारण घागरीवरून डोकी फुटत होती. आणि १२ एप्रिलला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, 'जलदूत'. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. लोक स्टेशनवर हार घेऊन गेले होते, नवरदेव उतरावा तसे. आणि त्याच महिन्यात पेपरात भांडण कशाचं, तर तिकडं औरंगाबादजवळ वाळूजला बियरच्या फॅक्टऱ्या धो-धो चालू! एक लिटर बियर करायची तर चार-पाच लिटर पाणी सहज जातं. शेवटी हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठानं दांडका उगारला, दारू-बियरवाल्यांचं पाणी आधी निम्मं कापा, १० मेपासून ६० टक्के कापा. त्या उन्हाळ्यात आमच्या ह्यांनी बियरला हात लावला नाही. देशभक्ती नव्हे हो, आत्याबाईंनी सांगितलं होतं, "पिलास तर अंघोळीचं पाणी बंद." म्हणून सांगते, पुण्यामुंबईत बियर म्हणजे चैन असेल, आपल्याकडे ग्लास उचलला की आधी टँकर आठवतो.

तर काय सांगत होते... हां, चव. मी नाही हो प्यायले. घोटभर. चव बघायला. आधी वेटरला विचारलं, परमिट लागतं ना? लागतं. आपल्या राज्यात कायद्यानं आजही प्यायला परवाना लागतो, एक दिवसाचा ५ रुपयांचा. बियरला वय २१, कडक दारूला २५. वेटर आत्याबाईंकडे बघून म्हणाला, "आजींचं वय विचारू का?" आत्याबाई म्हणाल्या, "विचार की, निजामाच्या राज्यात जन्मलेय मी."

ग्लास आला. धुरकट पिवळी, दूध नासल्यासारखी गढूळ. भाचा म्हणे अशीच असते, गव्हाची आहे, बेल्जियमची पद्धत. मी नाक लावलं आणि वहिनी, काय वास यावा? धने! ताजे भरडलेले धने आणि संत्र्याची साल. मी म्हणाले, हा तर माझ्या मसाल्याच्या डब्यातला वास. भाचा म्हणाला, बरोबर, त्यात घालतातच. म्हणजे आपण आमटीत घालतो ते त्यांनी बियरमध्ये घातलं आणि साडेतीनशे रुपये लावले.

आत्याबाईंनी माझ्या हातातला ग्लास ओढला. "काय पिऊलालीस गं तू? आण हिकडं." एक घोट घेतला. आम्ही सगळे गप्प. ह्यांनी तर डोळेच मिटले. जीभ टाळ्याला लावून आत्याबाई म्हणाल्या, "ही तर येळवशीची आंबील, तिसऱ्या दिवशीची. लसूण कमी पडलाय." हसून हसून पुरेवाट. पण खरं सांगू, चूक नाही त्यांचं. येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, शेतात डेऱ्यात ती ज्वारीच्या पिठाची, ताकाची आंबील आपण ढोसतो, भज्जीवर वरपतो आणि मग कडब्याच्या कोपीच्या सावलीत गाव आडवं होतं, ते काय नुसत्या जेवणानं?

त्यावरून आत्याबाईंनी माझं माहेर काढलं. काढणारच. "नांदेडची माणसं काय, शिंदीवर वाढलेली." खोटं नाही. आमच्या धर्माबादकडं, बिलोली-देगलूरच्या पट्ट्यात, शिंदीची झाडं, पलीकडं लगेच तेलंगण. पहाटे उतरवली तर नीरा, गोड, लेकरांनी प्यावी. ऊन चढलं की तिचीच शिंदी, मग लेकरांच्या बापानं. आजोबा कधी 'दारूखातं' म्हणायचे नाहीत, 'आबकारी' म्हणायचे, निजामाच्या वेळचं. आणि आता तर धर्माबादला मिरचीच्या बाजाराइतकीच बाळापूरची धान्यापासून दारू काढणारी मोठी डिस्टिलरी प्रसिद्ध. भाऊ म्हणतो, वारा इकडचा आला की मिरचीनं ठसका, तिकडचा आला की... जाऊ दे. सांगायचं काय, आत्याबाईंनी माझ्या माहेराला नावं ठेवत ठेवत ग्लास संपवला.

मग जेवण मागवलं. मेनूकार्डावर काय असावं? 'निलंगा राईस बोल'! अहो, सकाळी सातला गाड्यावर कागदात मिळतो तो आपला निलंगा राईस, त्याला काळ्या वाडग्यात घालून वर कोथिंबिरीचं एक पान उभं केलेलं. धपाटे होते, त्याचे त्रिकोण कापलेले, सोबत दही चमच्याएवढं. शेंगदाण्याची चटणी मात्र झकास, कुटलेली होती, मिक्सरची नव्हे. आणि 'सुशीला'. आपली कुरमुऱ्यांची सुशीला हो! त्यावरून जे झालं ना... वेटर किचनकडे तोंड करून ओरडला, "पाच नंबरला एक सुशीला, तिखट!" आणि पाच नंबरच्या मागून आपल्या सुशीलाकाकू उठून उभ्या! भजनी मंडळाच्या! "कोण रे तो मला तिखट म्हणणारा?" अख्खा बार वळून बघतोय. काकू तिथं काय करत होत्या, तर म्हणे पनीर पार्सल न्यायला आल्या होत्या. पार्सल न्यायला आलेला माणूस टेबलावर टाळ ठेवून बसतो का?

आणि क्लासवाले सर! 'नीट' परीक्षेच्या पोरांना जे सांगतात ना, दोन वर्षं मोबाईल नको, सण नको, लग्न नको, ते. ते कोपऱ्यात, दोन मित्रांबरोबर. शेजारच्या टेबलावर नेमकं एका विद्यार्थिनीचं कुटुंब, अहमदपूरहून मुलीला भेटायला आलेलं. वडील उठून सरांच्या पाया पडायला गेले. सरांनी एका हातानं आशीर्वाद दिला आणि दुसऱ्या हातानं ग्लास मेनूकार्डानं झाकला. मुलगी खाली मान घालून हसत होती. सोमवारी क्लासात सर शिस्तीवर काय बोलले ते मला ऐकायचंय.

बिल आलं तेव्हा ह्यांचा चेहरा पडला. मालक स्वतः आले, जुने ओळखीचे, हात जोडून म्हणाले, साहेब, आमच्या हातात काही नाही. बारमधल्या दारूवरचा व्हॅट ५वरून १० टक्के केला, लायसन्सची फी १५ टक्क्यांनी वाढवली, वर विदेशी दारूचं उत्पादन शुल्क ६० टक्क्यांनी. म्हणून तर १४ जुलै २०२५ला राज्यभर बारवाल्यांनी बंद पाळला. आता बघा, जन्मभर लोकांनी त्यांची दारं बंद करावीत म्हणून आपण सह्या गोळा करतो आणि त्या दिवशी त्यांनी आपणहून केली, तर दुसऱ्या दिवशी बाप्यांचे चेहरे सुतकातल्यासारखे. भाचा म्हणाला, बियरवर ते शुल्क वाढलं नाही काका. मालकांनी त्याच्याकडे असं बघितलं की पोरगं गप्प बडीशेप चघळत बसलं.

मला विचाराल तर जागा बरी आहे. उजेड आहे, शिवीगाळ नाही, बायकांची बाथरूम स्वच्छ, आतून कडी लागते. हे शेवटचं मी मुद्दाम बघून आले. अकरानंतर काय होतं ते मला ठाऊक नाही, आम्ही दहाला निघालो. आणि धुणीवाली म्हणाली, तिचा नवरा तिथं जात नाही, परवडत नाही म्हणून, तो स्टेशनकडच्या देशीलाच जातो. म्हणजे मास्तरीणबाईंच्या रजिस्टरानं तिचं काय भलं होणार होतं, देव जाणे.

रजिस्टरचं सांगायचं राहिलंच! निघताना मास्तरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. हातात पिशवी दिली. म्हणाल्या, "हे आता तुम्हीच ठेवा. माझ्या गुडघ्यांना जिने झेपत नाहीत." उघडून बघते तर रजिस्टर. आता अर्ज पुढं द्यायचा की नाही, ते माझ्यावर. म्हणून एकेकीला विचारत निघालेय, सही ठेवायची का खोडायची. बहुतेक जणी म्हणतात, आत्ता नको, रविवारनंतर बघू. रविवारी बऱ्याच जणींची तिथं किटी आहे.

तुमचं नाव पहिल्या पानावर पहिलं आहे, वहिनी. काय करू? घाई नाही, भाऊजींना विचारून सांगा. हो, भाऊजींनाच. चार नंबरला पाठमोरे बसले होते ना, त्यांचा निळ्या चौकडीचा शर्ट... हा काय, तुमच्या दोरीवर वाळतोय. कॉलरवरचा हळदीचा डाग गेला नाही वाटतं? तंदुरीचा आहे, लिंबू लावून बघा.